टिळकांचे घर आणि ख्रिस्ती गुरुत्वाची कल्पना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास सामान्यतः बाप्तिस्म्यांच्या तारखांवर उभारला जातो. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 चा, नारायण वामन टिळकांचा 10 फेब्रुवारी 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. अशा खुणांच्या आधारे लेखकांच्या जीवनाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध पाडले जातात. परंतु तारीख ही मंडळीच्या नोंदवहीतील घटना होय. मनुष्य घडतो तो त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे, कोणाच्या तरी दीर्घ सहवासात. हा सहवास इतिहासकाराच्या नजरेतून निसटला, तर या वाङ्मयाचे मर्मच हाती लागत नाही.

ख्रिस्ती परंपरेस ही गोष्ट अपरिचित नाही. पौलाविषयी यरुशलेमेतील शिष्य साशंक असता बर्णबाने त्याला जवळ केले. पुढे पौलाने तीमथ्याला पुत्रवत् मानले. त्याच तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ मात्र पौलाने त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी दाखविले आहे. म्हणजे प्रेषिताच्या शिकवणीपूर्वी घरातील शिकवण होती. महाराष्ट्रात या परंपरेची गाठ गुरुशिष्यभावाच्या जुन्या संस्काराशी पडली आणि त्यातून एक निराळेच रूप सिद्ध झाले. त्याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे अहमदनगरातील (आजच्या अहिल्यानगरातील) टिळकांचे घर.

टिळकांना स्वतःला मार्गदर्शक लाभले ते दोन दिशांनी. एकीकडे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे, मुंबईत जन्मलेले आणि नगरच्या धर्मशिक्षणसंस्थेचे आधारस्तंभ असलेले मिशनरी. दुसरीकडे तुकोबांची वाणी. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची भावना होती. त्यामुळे मार्गदर्शन म्हणजे पूर्वसंस्काराचा उच्छेद नव्हे, हे त्यांना स्वानुभवाने उमगले होते.

या जाणिवेची कसोटी घरातच लागली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले आणि काही वर्षे त्या मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. हे दुःख टिळकांच्या निर्णयाने ओढवले होते; कोणत्याही गौरवाने ते झाकता येत नाही. परंतु त्या परत आल्यावर टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. त्यांचे सोवळेओवळे काही काळ तसेच चालू राहिले. जातिभेद ही मनुष्याची निर्मिती आहे, या निर्णयाप्रत त्या आपल्या विचाराने, आपल्या गतीने आल्या. अक्षरओळखीचे धडे देणारा पती आणि ते गिरवणारी पत्नी, असे या नात्याचे आरंभीचे स्वरूप होते. पण ते तसेच राहिले नाही. टिळक तापट, लहरी आणि व्यवहाराविषयी उदासीन. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांचे, आश्रितांचे आणि अनाथ मुलांचे प्रत्यक्ष संगोपन लक्ष्मीबाईंकडेच आले. शिकवण कोणाची आणि शिष्यत्व कोणाचे, ही सीमारेषा तेथे हळूहळू पुसली गेली.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, हे या घराचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य. 1907 च्या जळगाव कविसंमेलनात या किशोरवयीन कवीची प्रतिभा टिळकांनी ओळखली आणि पुढे ते नगरला टिळकांच्या कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे वागविले. धर्मप्रसारास वाहून घेतलेल्या मनुष्याच्या घरात राहूनही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, ही गोष्ट गौण नव्हे. ज्या मार्गदर्शनात शिष्याला गुरूहून निराळे राहण्याची मोकळीक असते, तेच मार्गदर्शन. अन्यथा ते केवळ अनुयायी मिळविणे होय.

या विचारास व्यापक रूप देण्याचा प्रयत्न टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. परंतु 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्या दरबारास त्यांच्यामागे तसे बळ उरले नाही. एका तेजस्वी व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेची ही मर्यादा म्हटली पाहिजे.

जे टिकले ते निराळ्याच ठिकाणी टिकले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांनी ते पूर्णतेस नेऊन 1938 मध्ये प्रसिद्ध केले. एक काव्य तीन हातांतून पुरे झाले. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्याच लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्रास नवे वळण दिले. त्या ग्रंथात पतीविषयी भक्ती आहे, तशीच त्याच्या दोषांवर रोखलेली मिस्किल दृष्टीही आहे. गुरूला हसत हसत पारखू शकणारी शिष्या घडली, यापरते त्या गुरुत्वाचे यश कोणते?

ख्रिस्ती जीवनातील मार्गदर्शनाचे मोल व्यासपीठावरील प्रवचनांवरून ठरविता येत नाही, असेच हा इतिहास सांगतो. ते स्वयंपाकघरात, पंक्तीत, आजाऱ्याच्या उशाशी आणि अशुद्ध अक्षरे सुधारताना सिद्ध होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी धर्मांतराच्या एका दिवसाइतकेच लक्ष या सामान्य दिवसांकडेही दिले, तर मराठी ख्रिस्ती साहित्य हा मुख्य प्रवाहाबाहेरचा एक ओहोळ नसून त्याच प्रवाहाचे अंग आहे, हे अधिक स्पष्ट होईल.