दंड पुढे करण्यापूर्वी

सन १८९८ च्या ऑगस्टात हुबळीकडून आगगाडीच्या वाटेने ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, बंगळूरच्या पेठेत शिरला, तेव्हा तेथील मराठी घरांना ती वार्ता केवळ रोगाची वाटली नसावी. कारण जेमतेम वर्षापूर्वी, २२ जून १८९७ च्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर तेथील प्लेगबंदोबस्ताचे अधिकारी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली होती, आणि गोऱ्या शिपायांनी रोगी हुडकण्यासाठी माजघरे व देवघरे धुंडाळल्याच्या हकिगती वृत्तपत्रांनी सर्वदूर नेल्या होत्या.

म्हैसूर दरबाराने प्लेगचा बंदोबस्त ज्यांच्याकडे सोपविला, ते विश्वनाथ पाटणकर माधवराव कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले, पुढे संस्थानचे दिवाण झालेले मुत्सद्दी होते. परंतु अंमलदार आपल्या बोलीचा असला म्हणून हुकूम गोड लागतो असे नाही. रोग्याला घरातून हलविणे, नातलगांना विलग ठेवणे, घरे रिकामी करविणे, ही कलमे येथेही होतीच. प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःलाच टोचून घेतलेली लस हाताशी होती खरी. पण तिने एकदोन दिवस ताप चढे, दंड सुजे. आणि तपासनिसाच्या धास्तीने जो गृहस्थ अंगातली कणकणही लपवून ठेवी, त्याने सरकारी सुईचा ताप आपण होऊन का ओढवून घ्यावा? ‘दंड’ शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या मनात एकवटले असल्यास मला नवल वाटत नाही. त्यापेक्षा पेठ सोडणे बरे, असे अनेकांनी ठरविले, आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी ही मोकळ्या हवेची उपनगरे भराभर वसली. प्लेगअम्माची देवळेही उभी राहिली, जेथे नाव-गाव दप्तरी नोंदवावे लागत नसे.

पुढे १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी हीच लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्याबद्दलचे हाफकिन यांच्यावरील बालंट पुसले जाण्यास १९०७ उजाडले.

करोनाकाळी बंगळूर शहराने लसीबाबतची दोन्ही टोके पाहिली. जानेवारी २०२१ मध्ये लस प्रथम आली तेव्हा आरोग्यसेवकांतही चुळबुळ होती. एप्रिल-मे महिन्यांत स्मशानांपुढे रांगा लागताच लसकेंद्रांपुढेही त्या लागल्या, आणि तेव्हा लसच पुरेना. पुढे १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस प्रौढांना वर्धक मात्रा विनामूल्य मिळू लागली. या वेळी कोणी भ्यालेले नव्हते, झडतीची आठवणही नव्हती. लोक महामारीच्या नावालाच विटले होते, आणि वर्षापूर्वी जिच्यासाठी ताटकळत उभे राहावे लागे ती मात्रा शीतपेटीत पडून राहिली.