पुढचं चाक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. ताई आणि भाचा मे महिन्यात आठ दिवस कर्जतला राहून गेले, तेव्हापासून हे डोक्यात होतं.

भाच्याकडे रिमोटवर चालणारी बग्गी आहे. खेळणं म्हटलं की तो चिडतो. मागची दोन चाकं मोटरने फिरतात, पुढची दोन नुसती वळतात, आणि प्रत्येक चाकाला स्प्रिंग आणि तेल भरलेला शॉक. खोपोलीला मावशीकडे गेलो, तेव्हा तिथल्या मुरमाड माळावर ही गाडी बरी पळत होती. कर्जतला आमच्या मागच्या खाचरात उतरवली आणि पंचाईत झाली. भाताची खाचरं उन्हाळ्यात कशी होतात ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. भेगा, ढेकळं, गुरांच्या खुरांचे वाळून कडक झालेले खड्डे. डावीकडे वळवली तरी गाडी सरळ जाऊन बांधावर आपटायची.

भाच्याचं म्हणणं, पुढची स्प्रिंग कडक हवी. म्हणून तो शॉकवरची गोल चकती पिळत बसला होता. जितकी पिळावी तितकी गाडी जास्त हट्टी.

अण्णा ओट्यावर बसून बघत होते. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर त्यांचा उजवा हात नीट चालत नाही, बोलणंही कमी झालंय. हत्यारांची पेटी माळ्यावर टाकायला त्यांनीच सांगितलं होतं. ते एकदम म्हणाले, "पुढचं चाक खड्ड्यात उतरतच नाहीये. अधांतरी आहे."

आता थोडं मागे जातो. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा!)

अण्णा नेरळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. नेरळ-माथेरानची गाडी अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी वडील सर आदमजी यांच्या पैशावर १९०४ ते १९०७ या काळात बांधली. खर्च १६ लाख रुपये, रुळांमधलं अंतर अवघं २ फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर. डोंगर इतका अंगावर येणारा की वळणं अगदी आवळून घ्यावी लागली. मोठ्या रेल्वेचं इंजिन तिथे चालणं शक्यच नव्हतं. एका सांगाड्यात घट्ट बसवलेले तीन आस नेहमी एकमेकांना समांतर राहणार. वळणावर पुढचं चाक रुळाच्या अंगावर जातं, घासतं, आणि फारच झालं तर वर चढतं.

म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने या मार्गासाठी जी चार वाफेची इंजिनं बनवली, त्यांचे पुढचे आणि मागचे आस हलते होते. क्लीन आणि लिंडनर या दोन सॅक्सन इंजिनिअरांची ही युक्ती. आतला भरीव आस सांगाड्यात पक्का, त्याच्यावर नळीसारखा पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसाला. दोन्ही मधोमध एका गोल सांध्याने जोडलेले. आतल्याने फिरवायचं, बाहेरच्याने रूळ जसा वळेल तसं तिरकं व्हायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात यातलं एक इंजिन उभं आहे. मी ते पाहिलं तेव्हा चिमणीचा फोटो काढून परत आलो. अण्णांनी विचारलं, "खाली वाकून बघितलंस का?" नव्हतं बघितलं.

लहानपणी हे सगळं त्यांनी मला दोन पेले आणि एक लाटणं घेऊन समजावलं होतं. मी कॉमर्सला गेलो. असो.

तर चकतीबद्दल. ती पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच उठते. (हे मला नंतर वाचून कळलं, अण्णांना बघून कळलं होतं.) उंच उठली की शॉक आधीच पूर्ण ताणलेला असतो, मग खड्डा आल्यावर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. ज्या चाकाला जमीन लागत नाही ते गाडी वळवणार कसं? माळावर खड्डे उथळ होते, म्हणून तिथे निभावलं.

१९७९ मध्ये तामिया कंपनीने अशा पहिल्या बग्ग्या काढल्या, तेव्हा पुढची बाजू फोक्सवॅगन बीटलची नक्कल होती. १९८४ साली आलेल्या आरसी-१० पासून लांब हात आणि तेलाचे लांब शॉक रूढ झाले, म्हणजे चाकाला वर-खाली जायला ऐसपैस जागा. भाच्याला ही नावं तोंडपाठ आहेत. तरी तो चकती पिळतच होता.

मी माळ्यावरून पेटी काढली. अण्णांनी डाव्या हाताने चकती सैल केली, गाडी दाबून सोडली, पुन्हा अर्धा आटा सैल केली. मग म्हणाले, "तेलही जाड आहे. चाक सावकाश परत येतंय." पातळ तेल भाच्याकडे होतं. शॉक उघडून भरायला पाऊण तास गेला, कारण अण्णा कोणाला हात लावू देईनात. दोनदा तेल सांडलं. ताई मदतीला उठली, मी तिला खुणेने बसवलं.

संध्याकाळी गाडी बांधाच्या अलीकडे वळली. मग पलटी झाली, ते वेगळं :)

भाचा पुण्याला परत गेला. पेटी अजून ओट्यावरच आहे. काल अण्णा पान्हे पुसत होते, आणि घरातला टेबल फॅन उघडून ठेवलाय. आईची कुरकुर चालू आहे.