केडगाव स्टेशन आणि एक अर्धवट प्रश्न

पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन लागतं. बातम्यांच्या निमित्तानं माझी या मार्गावर बरीच वर्षं ये-जा आहे. डब्यात पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं: "त्या बाटल्या ना?" संपला विषय.

धर्मांतर केलं, हे खरंच. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांना भिडलं काय? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, कलकत्त्यानं 'पंडिता' म्हणून गौरवलेली. शास्त्रचर्चेचं तिला काय नवल! तिला भिडलं लंडनमधल्या फुलहॅमचं एक घर. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

पवित्र होण्याचं बोलावणं फक्त पाद्री-मठवाल्यांना नसून प्रत्येकाला, रोजच्या कामात असतं, हे कॅथलिक चर्चनं 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ठळकपणे मांडलं. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण केडगावात त्याच्या कितीतरी आधी दुसरं काय चाललं होतं?

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले, त्यामुळे भूक त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभं राहिलं. शेती, विणकाम, छपाई, सगळं बायकांच्या हाती. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. फुलहॅमसारखंच तिथंही टाकलेल्या बायकांसाठी घर होतं, 'कृपासदन'. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याची छपाईही मुक्तीतल्याच बायकांनी केली. प्रार्थना होतीच, पण भाकरी आणि खिळे जुळवणंही त्या प्रार्थनेचाच भाग होता.

आता दुसरी बाजू. 1889 ला सुरू झालेल्या शारदा सदनात धर्माबाबत तटस्थ राहू, असं ठरलं होतं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि वाद पेटला. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. 'केसरी'नं कडक टीका केली. पालकांच्या शंकेत तथ्य नव्हतं, असं मी म्हणणार नाही. विश्वासानं लेक सोपवणाऱ्याला जाब विचारायचा हक्क असतोच.

पण मग दुसराही प्रश्न विचारायला हवा ना? त्या पोरींना आधी घराबाहेर कुणी काढलं होतं? विधवेला अपशकुनी कोण म्हणत होतं? तो जाब आपण कुणाला विचारला?

आम्हा पत्रकारांची ही खोड आजही गेलेली नाही. माणसाचा धर्म पहिल्या ओळीत, काम शेवटच्या परिच्छेदात. आणि जागा कमी पडली की कात्री शेवटालाच लागते.

5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे. पुढच्या वेळी गाडी तिथं थांबली आणि कुणी "त्या बाटल्या ना?" म्हणालं, तर एवढंच विचारा: "बरं, आणि पुढं काय केलं त्यांनी?"