वेळासचे कासवमित्र

वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) येथील समुद्रकिनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखणारे आणि ती पाहायला येणाऱ्यांची व्यवस्था लावणारे गावकरी स्वयंसेवक. वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोट किल्ल्यालगत ते वसले आहे.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्री गरुडांची पाहणी करत या भागात फिरत होते. तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. अंडी माणसे काढून नेत, उरलीसुरली कोल्ही-कुत्री उकरत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पण रात्री तीन वाजता किनाऱ्यावर कायदा हजर नसतो. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच माणसांना हाताशी धरले, हे या कामाचे खरे मर्म.

ओडिशातील गहिरमाथ्याप्रमाणे कोकणात हजारो माद्या एकाच वेळी येत नाहीत. एखादीच मादी येते, वाळूत साधारण दीड फूट खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परतते. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. कासवमित्र पहाटे किनारा चालतो, मादीचा माग ओळखतो, काठीने वाळू हलकेच चाचपून घरटे शोधतो. अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात पुरली जातात. हे काम लवकर उरकावे लागते आणि अंडे उलटेपालटे होऊ द्यायचे नसते, कारण आतला गर्भ लवकरच कवचाला चिकटतो. प्रत्येक घरट्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिल्ले निघायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. खाली पिल्ले वळवळत असली तर दोरीच्या अलीकडे उभ्या पाहुण्यांसमोर ती वाळूवर सोडायची. थेट पाण्यात नाही, कारण तो थोडा रस्ता त्यांनी स्वतः चालायचा असतो. पिल्ले उजेडाकडे वळतात, म्हणून बॅटरी आणि फ्लॅश बंद.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि कासवमित्रांचे निम्मे काम माणसे सांभाळण्याचे झाले. देवळात दगडी कासवाला नमस्कार करून पुढे सरकणारा घाटमाथ्यावरचा पाहुणा इथे जिवंत पिल्लू हातात घ्यायला बघतो. त्याला थांबवायचे, पण दुखवायचे नाही. टोपली उचलली आणि खाली नुसतीच वाळू निघाली, तर हिरमुसलेल्या मुलांना समजवायचे. मुक्काम गावातल्या घरांत, जेवण घरच्या चुलीवरचे. हा पैसा थेट घरात येतो, म्हणूनच अंड्यांपेक्षा पिल्ले गावाला मोलाची वाटू लागली. निव्वळ भूतदयेवर ही राखण इतकी वर्षे टिकली असती असे वाटत नाही.

पुढे आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर अशा किनाऱ्यांवरही ही पद्धत रुजली. वन विभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष यांचा आधार मिळाला. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांना भरपाई देण्याची राज्याची योजना डिसेंबर २०१८ मध्ये आली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. तिचे नाव ‘प्रथमा’.

पाहुणे निघून गेल्यावर एक काम उरते. रिकामे झालेले घरटे हाताने उकरायचे, मागे अडकलेले पिल्लू असेल तर बाहेर काढायचे, फुटलेली टरफले आणि न उबलेली अंडी वेगवेगळी मोजायची आणि तो आकडा वहीत त्या घरट्याच्या तारखेपुढे लिहायचा.