काटेरी साखरेची गोष्ट

जपानी मुलं पुडीतल्या पावडरीत पाणी घालून घोटतात. ती फुगते, रंग बदलते, खाऊ तयार! 'नेरुनेरुनेरुने' नावाचा हा खाऊ १९८६ सालचा. पण जपानी साखरेची एक जुनी वाट आपल्या गोव्यातून जाते. १५४८ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज लुईश फ्रॉइश इथे पाद्री होऊन १५६३ मध्ये जपानला पोचला. १५६९ साली त्याने बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाला बाटलीभर 'कोन्फेइतु' भेट दिले. जपान्यांनी त्याचे 'कोम्पेइतो' केले.

हा दाणा दिसतो अगदी आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखा. कृतीही तीच: मंद आच, थेंबथेंब पाक आणि सतत हलवणारा हात. पुडीतला खाऊ काही मिनिटांत होतो, हलव्यावर काटा फुलायला दिवस लागतात. तो काटा आजीकडून शिकून घेतला, तरच घरात टिकेल.