दुसऱ्या टिळकांचा संसार

टिळक म्हटले की महाराष्ट्राला लोकमान्य आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मी आज सांगणार आहे ती हकीकत दुसऱ्या टिळकांची. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावी, 1861 साली जन्मलेल्या नारायण वामनांची. फुलामुलांचे कवी म्हणून ते आपल्या मुलांना क्रमिक पुस्तकात भेटतात. त्यांच्या संसाराची गोष्ट मात्र पुस्तकात येत नाही, आणि माझ्या मते ती त्यांच्या कवितेइतकीच मोलाची आहे.

या गृहस्थांच्या हातात पैसा ठरत नसे. नागपूरच्या अप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाचा आश्रय त्यांना लाभला होता. विद्वत्ता होती, वाणी होती. दुसरा कोणी असता तर त्याने वाडा बांधला असता. टिळकांना तहान निराळीच होती. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थांशी गाठ पडली आणि त्यांनी नव्या कराराची प्रत हाती ठेवली. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. दीनांना धन्य म्हणणारा, पृथ्वीवर धन साठवू नका असे सांगणारा हा गुरू त्यांना आपला वाटला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता वाचकहो, इथवरची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. मला विचारायचे आहे ते हे की, त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले? वय सव्वीस, पदरात चार वर्षांचाही न झालेला दत्तू, आणि माहेर तर सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत पराकोटीचे कडक. टिळकांना शांती मिळाली. तिची किंमत घरात बसलेल्या या बाईने मोजली. नातलगांच्या आश्रयाने तिने वर्षे काढली. पुरुषांच्या त्यागाची चरित्रे लिहिणाऱ्यांनी हा जमाखर्च सहसा मांडलेला नाही. तो लक्ष्मीबाईंनीच पुढे ‘स्मृतिचित्रे’त मांडला, आणि तोही न रडता, उलट वाचणाऱ्याला हसवत!

त्या अखेर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या. पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे सांभाळून राहिल्या. मग मनातली एकेक गाठ सुटत गेली. सगळी माणसे देवाचीच, तर विटाळ कोणाचा, हा विचार त्यांना स्वतःच्या बुद्धीने सुचला, आणि 1900 साली त्यांनीही दीक्षा घेतली. नवरा गेला म्हणून बायको गेली, असे हे प्रकरण नाही. म्हणूनच त्यांचे समाधान मला टिळकांच्या समाधानाहून अधिक कसाला लागलेले वाटते.

पुढचा संसार ओढगस्तीचाच. मिशनचा पगार यायचा आणि दारी आलेल्या गरजवंताबरोबर निघूनही जायचा. घरात वाद होत, रुसवे होत. पण दार कधी बंद झाले नाही. पोरकी मुले या घरात वाढली. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गौरवलेला ठोंबऱ्यांचा तरुण मुलगाही नगरला याच घरी येऊन राहिला. मराठी कवितेने या घरचे अन्न खाल्ले आहे, हे दिवाळीच्या फराळाला बसताना आपण आठवायला हरकत नाही.

टिळकांनी ख्रिस्ताला परदेशी पोशाखात राहू दिले नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगाची चाल त्यांनी ख्रिस्ताच्या भजनाला दिली, कीर्तनाला उभे राहिले. 1917 साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात, त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे सारखाच प्रवेश होता. महिन्याचा ठरलेला पगार उतारवयात सोडणे म्हणजे काय, हे निवृत्तिवेतनाचे दिवस मोजणाऱ्या माझ्यासारख्याने निराळे सांगायला नको. दरबार जेमतेम दोन वर्षे त्यांच्या हातून चालला. 9 मे 1919 रोजी मुंबईस ते वारले. दफन न करता त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, आणि तोही त्यांच्याच इच्छेने.

मागे धन नव्हतेच. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली, पुढे मुलाबरोबर कराचीला गेल्या. ज्यांना जोडाक्षरे अखेरपर्यंत नीट साधली नाहीत, त्या बाईंनी 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र दिले. शिवाय टिळकांनी थोडे रचून ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले आणि ओवीमागून ओवी लिहीत पुढचा बहुतेक भाग त्यांनीच रचला. 1936 साली त्या गेल्या तेव्हा ते छापून व्हायचे होते.