घड्याळ कोणाच्या हाती?

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने घड्याळावर बोलावे, यात नवल मानण्याचे कारण नाही. कामगार विकतो तो मुळी वेळच. वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का असतो. परंतु कामगाराची वेळ ज्या घड्याळाने मोजली जाते ते मात्र मालकाच्या फाटकावर, मालकाच्याच किल्लीने चालत आले. म्हणून अचूक वेळ काल कोणापाशी होती आणि आज ती कोणापाशी आली आहे, हा इतिहास आम्हांस मोलाचा वाटतो.

पूर्वी प्रत्येक गावची वेळ निराळी असे, आणि ती खरी असे. सूर्य माथ्यावर आला की त्या गावची दुपार. नांदेडच्या माथ्यावर तो लातूरच्या सुमारे तीन मिनिटे आधी येतो. घटिकापात्र बुडत राही, साठ घटिकांचा दिवस भरे, आणि कोणाचे काही अडत नसे. अडले ते आगगाडी आल्यावर. गाडीला प्रत्येक स्टेशनावर निराळी दुपार परवडत नाही. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबई आपल्या सूर्याबरोबर राहिली आणि मद्रासहून सुमारे अर्धा तास मागे चालली. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी ती मनाने स्वीकारली नाही, आणि १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली.

त्याच सुमारास गिरण्यांत दुसरा लढा उभा राहत होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन पुढे केले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, अशा मागण्या त्यात होत्या. पाहा, या साऱ्या मागण्या वेळेच्या आहेत! रविवारची सुट्टी पदरात पडली ती १८९० साली.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची एकच वेळ लागू झाली. मुंबईची घड्याळे तीमुळे ३९ मिनिटे पुढे सरकली. साहेबाच्या लेखी तो काटे फिरवण्याचा प्रश्न होता. चाळीतल्या बाईच्या लेखी तो ३९ मिनिटे आधी, अंधारात चूल पेटवण्याचा प्रश्न होता. ५ जानेवारीला मुंबईतील हजारो गिरणी कामगारांनी काम बंद करून दगड उचलले. दंगा चांगला नव्हे. परंतु आमचा दिवस आम्हांला न विचारता कोणी हलवला, हा त्यांचा प्रश्न मात्र बिनतोड होता. मुंबईच्या नगरपालिकेनेही आपली जुनी वेळ पुढे जवळजवळ अर्धे शतक सोडली नाही.

आमच्या मराठवाड्यात एवढा गाजावाजा झाला नाही. नांदेडला आगगाडी आली, गिरणी आली. लातूरला १९११ साली बार्शी लाइटची छोटी गाडी आली. आणि त्यांच्याबरोबर घड्याळ आले. भारतीय वेळ लातूरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ २४ मिनिटे, म्हणजे बरोबर एक घटिका, पुढे आहे. नांदेडला हा फरक सुमारे २१ मिनिटांचा पडतो.

आता इतिहासाचे नवे पान पाहू. १९७८ पासून अमेरिकेच्या सैन्याने आकाशात जीपीएसचे उपग्रह सोडले आणि १९९५ साली ती योजना पूर्णत्वास गेली. लोक तिला रस्ता दाखवणारी म्हणून ओळखतात. पण तिच्या पोटात आहे ते घड्याळच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळातील वेळ सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले की अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणून निदान चार उपग्रह लागतात: तिघे जागा ठरवतात, चौथा आपल्या हातातले घड्याळ दुरुस्त करतो. सामान्यांसाठी मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली.

आज हा संदेश ऐकणारे रिसीव्हर मॉड्यूल काड्यापेटीहून लहान असते आणि चारपाचशे रुपयांत मिळते. हौशी मुले ते घरी जोडतात. ते दोन गोष्टी देते. एका तारेवर तारीख-वेळ अक्षरांत येते, पण ती टपालासारखी, जरा उशिराच. दुसऱ्या तारेवर दर सेकंदाला एक ठोका पडतो. तो जुन्या शहरांतील दुपारच्या तोफेसारखा. टपाल वाचून सेकंद कोणता ते कळते, आणि तोफ ऐकून तो नेमका केव्हा सुरू झाला ते कळते. अँटेनाला मोकळे आकाश दिसत असेल तर त्या ठोक्यात सेकंदाच्या कोटीव्या भागाइतकीही चूक सहसा होत नाही. बाजारातले क्वार्ट्झ घड्याळ मात्र दिवसाला एखाद-दीड सेकंद सहज हरवते.

एका कारखान्यात फाटकावरचे घड्याळ सकाळी पुढे आणि सुटायच्या वेळी मागे असते, अशी आमच्या सभासदांची तक्रार होती. व्यवस्थापन म्हणे, तुमचीच घड्याळे चुकीची. एका सभासदाच्या मुलाने असे मॉड्यूल जोडून घड्याळ केले, ते आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर ठेवले, आणि आठवडाभर दोन्ही वेळांची नोंद केली. आवाज चढवावा लागला नाही. वही पुढे केली. फाटकावरचे घड्याळ बदलले.

हा प्रश्न केवळ हजेरीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि हजारो माणसे झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. भूकंप नेमका कोठे झाला हे ठरते ते निरनिराळ्या केंद्रांवर लाटा किती वाजता पोचल्या यावरून. पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. म्हणजे केंद्राचे घड्याळ एक सेकंद चुकले तर तिथून मोजलेले अंतर सहा किलोमीटरने चुकते, आणि एवढ्यात एक गाव सुटून दुसरे येते. आज भूकंपमापक यंत्रांना उपग्रहाचा ठोका जोडतात तो यासाठीच. नांदेडशेजारी हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगोची प्रयोगशाळा उभारायला २०२३ साली केंद्राने मंजुरी दिली; विश्वातून येणारी लाट कोणत्या दिशेने आली, हे तेथेही दूरदूरच्या केंद्रांवरील क्षणांच्या फरकावरूनच शोधायचे आहे.

कोणी म्हणेल, आकाशातल्या घड्याळालाही मालक आहेच. खरे आहे. म्हणून आपल्या देशाने नाविक ही स्वतःची योजना उभारली, आणि २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या तिच्या उपग्रहात भारतात बनवलेले अणुघड्याळ बसवले. ही वाट बिकट आहे, पण ती सोडून चालणार नाही.

आमचे मागणे साधे आहे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक शाळेत मुलांनी असे एक घड्याळ स्वतः जोडावे, आणि प्रत्येक कामगार संघटनेच्या कचेरीत ते भिंतीवर असावे. लोखंड्यांच्या काळी कामगाराने घड्याळासमोर हात जोडले होते. आज ते त्याला तपासून पाहता येते, आणि ते त्याने तपासलेच पाहिजे.